पडद्यावरच्या वाकड्या रेषा

कॉम्प्युटर माझ्या टेबलावर ठेवून झाला तरी दाजींनी त्याच्यावरचा हात काढला नाही.

"उघडशील तेव्हा मी समोर पाहिजे," ते म्हणाले.

"समोरच आहात की."

"नुसतं आजचं नाही म्हणत. कधीही उघडलास तरी."

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांची सगळी नोकरी मनमाडला, रेल्वेच्या यार्डात गेली. मी नाशिकला एका तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवत होते. आता दोघंही निवृत्त. मी लग्न केलं नाही, इंदिरानगरात एकटी राहते आणि मागच्या खोलीत जुने रेडिओ, टेपरेकॉर्डर, कॉम्प्युटर उघडून बसते. नातेवाइकांना हा उद्योग म्हणजे रिकामपण वाटतं. दाजींना तर माझी नोकरीही तशीच वाटायची. एका लग्नाच्या पंगतीत त्यांनी चारचौघांत सांगितलं होतं, "मॅडम लॅबमध्ये फक्त सही करतात, काम शिपाई करतो." त्यामुळे तेच दाजी सकाळच्या गाडीने, मांडीवर पिशवी धरून माझ्याकडे आले, याचंच मला आधी नवल वाटलं, आणि मग संशय.

संशय हा खरं तर त्यांचा प्रांत. भाजीवाल्याचा तराजू ते खालून वाकून बघतात. गाडीत तिकीट तपासायला आलेल्या माणसाकडे उलट त्याचंच ओळखपत्र मागणारा प्रवासी मी दुसरा पाहिलेला नाही, आणि हा तर जन्मभर रेल्वेत काढलेला माणूस. ताई म्हणते, यार्डात राहून सवय लागली. कोणीतरी सिग्नल पडलाय, रस्ता मोकळा आहे, म्हणून सांगतो, आणि आपण स्वतः बघितल्याशिवाय डबे हलवायचे नसतात.

कॉम्प्युटर जुन्या पद्धतीचा होता. जाडजूड कीबोर्डासारखा दिसणारा, सगळं यंत्र त्या बटणांच्या खालीच. त्याला स्वतःचा पडदा नाही. मागून एक वायर काढायची आणि टीव्हीच्या अँटेनाच्या भोकात खुपसायची, की चॅनल लावावं तसं त्याचं चित्र लागतं. मुलं लहान असताना दाजींनी तो परदेशातून आलेल्या कोणाकडून तरी घेतला होता. मुलं खेळली थोडे दिवस, पण नादाला लागले ते दाजी. त्यांनी स्वतः शिकून त्याच्यावर मनमाडच्या यार्डाचा एक कार्यक्रम, म्हणजे प्रोग्रॅम, लिहिला. पडद्यावर रूळ, सांधे, आणि रंगीत चौकटींचे डबे. बटणं दाबून डबे या रुळावरून त्या रुळावर घ्यायचे, धडक होऊ न देता. तो सगळा कार्यक्रम, तेव्हाच्या रीतीप्रमाणे, गाण्यांची असते तसल्या एका कॅसेटमध्ये होता आणि कॅसेट त्यांच्या खिशात होती.

"जुन्या लोकांचा मेळावा ठरलाय," ते म्हणाले. "यार्डातले सगळे येणार आहेत. तिथे दाखवायचाय. पण चित्रच येत नाही."

माझ्याकडे एक डबा टीव्ही अजून आहे, तो याच कामाला. जोडून बघितलं. आधी तिरक्या पट्ट्या धावल्या, मग नुसत्या मुंग्या.

कॉम्प्युटर पालथा केला तर तळाच्या स्क्रूंची डोकी खरवडलेली दिसली. कोणीतरी चुकीच्या मापाचा पेचकस लावला होता.

"आधी कोणाला दाखवला होता का?"

"कोणालाच नाही."

"पण हा उघडलेला दिसतोय."

"म्हटलं ना, कोणालाच दाखवला नाही."

उत्तर जरा घाईने आलं. वरचं झाकण काढलं तर आत आणखी एक गोष्ट. जवळजवळ प्रत्येक चिपच्या पाठीवर नखाएवढा लाल ठिपका होता. दुरुस्तीवाले असं करतात. तपासलेल्या भागावर खूण करत जातात. माझी खात्री झाली की दाजींनी हा आधी दुसऱ्या कोणालातरी दिला, त्याने बिघडवला, आणि आता ते बिल माझ्या नावावर फाडायचा बेत आहे. मी त्यांच्यासमोरच व्होल्टेज मोजलं. ते ठीक होतं, पण वीज स्वच्छ करणारे आतले कपॅसिटर वाळून गेले होते. एकाच्या तळाला पिवळट चिकट डाग होता.

"हे बदलावे लागतील. माझ्याकडे या मापाचे नाहीत. ठेवून जा."

त्यांनी खोलीभर नजर फिरवली. माझ्या फडताळातल्या तसल्याच दोन-तीन जुन्या मशीनवर ती थांबली. ते काय विचार करत होते ते मला स्पष्ट दिसलं: त्यांच्या मशीनमधला चांगला माल काढून मी माझ्या मशीनमध्ये घालणार. शेवटी ठेवून गेले, पण कॅसेट परत खिशात घालून.

मग फोन सुरू झाले. "उघडलास का?" उघडला नाही म्हटलं तर "मग इतके दिवस काय केलंस," आणि उघडला म्हटलं तर "मी समोर नसताना?" मी कपॅसिटर आणून बसवले. चित्र आता स्थिर झालं, पट्ट्या गेल्या, पण पडदाभर रंगीत ठिपक्यांचा गोंधळ होता. चिपांवरून हळूच बोट फिरवलं. एक चिप चटका बसेल इतकी गरम. पडद्यावर काय दिसायचं ते जिथे साठवलं जातं, त्या मेमरीतलीच ती होती. माझ्या साठ्यात तशी होती. जुनी काढली, नवी बसवली, आणि टीव्हीवर स्वच्छ पांढरा पडदा आला, खाली काळ्या अक्षरांत एक ओळ. इतक्या वर्षांनी ते मशीन बोललं याचा मला आनंद झाला, आणि दाजींना आता म्हणायला काही उरलं नाही, याचा त्याहून जास्त.

फोनवर मी सांगितलं, "एक चिप बदलावी लागली. चालू झालाय. या."

ते दुसऱ्याच दिवशी आले. चहा नको म्हणाले. "आधी उघडून दाखव."

मी झाकण काढलं. त्यांनी मोबाइलची बॅटरी लावली आणि चष्मा कपाळावर ढकलून, नाक लावून एकेक चिप बघत गेले. मग बोट ठेवलं.

"हिच्यावर टिकली नाही."

"कसली टिकली?"

"लाल. तुझ्या ताईचं नेलपेंट आहे. मी स्वतः लावलंय सगळ्यांना."

तेव्हा मला कळलं. स्क्रू खरवडणारा दुरुस्तीवाला असा कोणी नव्हताच. माझ्याकडे येण्याआधी दाजींनी स्वयंपाकघरातल्या पेचकसाने मशीन उघडून, मी माल बदलू नये म्हणून आत खुणा केल्या होत्या. इतकी वर्षं मी मुलांच्या हातात मशीनं दिली, पण कोणाच्या पाठीमागे अशा खुणा करून ठेवल्या नाहीत.

"ही नवी आहे म्हणून तिच्यावर नाही," मी म्हटलं. "तुमची जळलेली चिप ही घ्या." टेबलावरच्या डबीतून काढून त्यांच्या तळहातावर ठेवली. ठिपका होता. त्यांनी तो निरखला, चिप खिशात टाकली आणि म्हणाले, "ठीक आहे. आता चित्र दाखव."

चित्र नीट आहे की नाही हे तपासायला मी चार ओळींचा एक कार्यक्रम लिहिते. पडद्यावर आडव्या-उभ्या रेषा मारायच्या, गणिताच्या वहीसारखे चौकोन. टीव्ही चित्र ताणतोय का, कडेला वाकवतोय का, लगेच कळतं. तो चालवला. चौकोन उमटत गेले. कडेला टीव्हीच्या काचेच्या गोलाव्यामुळे किंचित बाक, ते नेहमीचंच. बाकी सुरेख.

दाजी पुढे सरकले, मागे सरकले. "मधे वाकड्या आहेत."

"कुठे?"

"ह्या काय, मधोमध. रेषा आत ओढल्यासारख्या. आणि तिथे जरा मळकट दिसतंय."

मी पडदा पुसला. तरी तेच. मी टीव्ही बदलला. आतल्या खोलीतला छोटा आणला. दाजी म्हणाले, "ह्याच्यावर पण आहे. म्हणजे टीव्हीचा दोष नाही. तुझ्या नव्या चिपचा आहे."

"चिपने रेषा वाकत नाहीत, दाजी. वाकल्या तर सगळ्या वाकतील, मधल्याच कशाला?"

"ते तू मला शिकवू नकोस. मला दिसतंय."

मी स्टीलची पट्टी आणली आणि मधल्या रेषेला लावून धरली. पट्टी आणि रेष तंतोतंत. "बघा."

ते बघत राहिले. मग सावकाश म्हणाले, "पट्टीच वाकडी आहे तुझी."

मला वाटलं, टोमणा मारताहेत. माझी पट्टी वाकडी, माझी नजर वाकडी, मीच वाकडी. तरी मी आवाज चढवला नाही. एवढंच म्हटलं, "तुम्हाला चित्र चांगलं म्हणायचंच नाही, असं ठरवून आला असाल तर मी काय करणार?"

"मी कशाला ठरवून येऊ?"

ते का, याचा मीही मनाशी शोध घेतला, आणि मला तो लागल्यासारखाही वाटला. इतकी वर्षं ते त्या यार्डाच्या कार्यक्रमाबद्दल सांगत आले. आता सगळ्यांसमोर लावल्यावर तो पोरखेळ दिसला तर? त्यापेक्षा मशीनच नीट नाही, मेहुणीने बिघडवलं, हे सांगणं सोपं. माझी स्वतःशी इतकी खात्री पटली की मी आणखी काही न बोलता झाकण बसवलं, स्क्रू आवळले आणि मशीन त्यांच्या पिशवीत घातलं. त्यांनी कॅसेट लावूनसुद्धा बघितली नाही. जिना उतरताना त्यांचा पाय एका पायरीवर अडखळला. रागात आहेत म्हणून, असं मी समजले.

त्यानंतर बरेच दिवस फोन नाही. ताईचा आला तो दुपारचा, स्वयंपाकघरातून, दबक्या आवाजात.

"काय झालं गं तुमचं? हे तुझं नाव काढू देत नाहीत."

मी सगळं सांगितलं, ठिपक्यांसकट. ताई म्हणाली, "माझं नेलपेंट संपलं कसं ते आत्ता कळलं." मग सुस्कारा टाकून म्हणाली, "तुझं एकटीचं नाही गं. हल्ली सगळ्यांशीच चाललंय. बाथरूमच्या फरशा बसवल्या त्या मिस्त्रीला काल बोलावून घेतलं. म्हणे सांधे वाकडे आहेत. तो बिचारा ओळंबा लावून दाखवतोय, तर हे म्हणतात तुझा दोराच वाकडा."

"दोरा?"

"हो ना. सरळ लोंबणारा दोरा कसा वाकडा असेल? तो मिस्त्री माझ्याकडे बघायला लागला. आणि पेपरवाल्याशी भांडण, की छपाई खराब येते."

मी फोन ठेवला आणि चहा गॅसवर तसाच उकळत राहिला. माझी पट्टी वाकडी. मिस्त्रीचा दोरा वाकडा. मधोमध मळकट. दाजी टोमणा मारत नव्हते. त्यांना दिसलं तेच ते सांगत होते.

मी मनमाडला कळवून गेले असते तर त्यांनी येऊ दिलं नसतं, म्हणून न कळवता गेले. दार ताईने उघडलं. दाजी पलंगावर बसले होते, मला बघून उठले नाहीत.

"कशाला आलीस?"

"चित्रातला दोष बघायला. तुम्ही म्हणालात तो मी नीट तपासला नाही."

हे त्यांना अपेक्षित नव्हतं. थोडा वेळ माझ्याकडे बघून म्हणाले, "आता पटलं?"

"लावून बघू."

त्यांच्याकडेही जुना टीव्ही होता. मशीन जोडलं, चौकोन काढले. दाजी नेहमीच्या जागी बसले. "ते बघ. मधे."

"दाजी, एक करा. उजवा डोळा हाताने झाका."

"का?"

"झाका तर."

"डोळे तपासतेस होय माझे? माझे डोळे उत्तम आहेत. नोकरीत दरवर्षी तपासायचे. सिग्नल लांबून सांगायचो मी."

"मला माहीत आहे. एकदा माझ्यासाठी करा. नाही काही निघालं तर मशीन मी परत नेते आणि म्हणाल ते बदलून देते."

त्यांनी उजवा डोळा झाकला. पडद्याकडे बघितलं.

"आता डावा झाका."

हात बदलला. मान किंचित पुढे आली. पुन्हा उजवा झाकला. पुन्हा डावा. ताई दारात पदराला हात पुसत उभी होती, तिला काय चाललंय ते कळत नव्हतं. दाजींनी असं किती वेळा केलं कोण जाणे. मग हात मांडीवर ठेवून म्हणाले, "उजव्याने वाकड्या दिसतात. डाव्याने सरळ आहेत."

टीव्हीचा बारीक आवाज तेवढा येत होता.

"तू आत काही केलंस का आत्ता?" त्यांनी विचारलं, पण त्या प्रश्नात जीव नव्हता.

"मी इथेच उभी आहे, दाजी."

त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं, एक डोळा झाकून, मग दुसरा. मग दाराच्या चौकटीकडे. ताईकडे. ताईच्या चेहऱ्याकडे उजव्या डोळ्याने बघताना ते थांबले आणि त्यांनी मान खाली घातली. नंतर ताईने मला सांगितलं, तिच्या तोंडाच्या जागी त्यांना नुसता धूसर डाग दिसला होता.

नाशिकच्या डोळ्यांच्या दवाखान्यात मी ओळख काढून दुसऱ्याच दिवशीची वेळ घेतली. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, शांत. डोळ्यात औषध घालून त्यांनी डोळ्याच्या आतला फोटो काढला आणि त्यांच्या पडद्यावर दाखवला: थरांची एक पट्टी, आणि मधे टेकाडासारखा फुगवटा.

"डोळ्याच्या मागच्या पडद्याखाली पाणी साठलंय," त्या म्हणाल्या. "जिथून आपण बारीक बघतो, नेमकं तिथेच. पडदा वर उचलला गेलाय, म्हणून सरळ रेष वाकडी दिसते."

"हा फोटो माझ्याच डोळ्याचा कशावरून?" दाजी म्हणाले.

ताईने कपाळाला हात लावला. डॉक्टरीणबाई मात्र रागावल्या नाहीत. त्यांनी फोटोवरचं नाव आणि वेळ दाखवली, मग डाव्या डोळ्याचाही फोटो शेजारी लावला. तो सपाट होता. दाजी दोन्हींकडे बघत राहिले, अर्थात डाव्याच डोळ्याने.

"आधी का नाही आलात? कधीपासून दिसतंय असं?"

दाजी मग म्हणाले, "मला वाटलं लोकांचंच काम बिघडलंय."

डोळ्यात इंजेक्शन घ्यावं लागेल, आणि एकदा नाही, पुन्हा पुन्हा, हे ऐकून ते उठायलाच निघाले. बाहेरच्या बाकावर बसून त्यांनी माझ्याकडून सगळं पुन्हा वदवून घेतलं: हे काय आहे, का देतात, न दिलं तर काय होईल. मला माहीत होतं तेवढं मी सांगितलं, आणि जे माहीत नव्हतं ते माहीत नाही म्हणून सांगितलं. माहीत नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा जरा सैल झाला. "बाकीचे सगळे छातीठोक सांगतात," ते म्हणाले, आणि आत गेले.

डोळा पूर्ववत झाला नाही. उशीर झाला होता. पाणी ओसरलं, रेषा पुष्कळशा सरळ झाल्या, पण मधला डाग थोडा राहिला. तो जाणार नाही असं डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं. डावा डोळा चांगला आहे, त्यावर लक्ष ठेवायचं. घरी रोज बघायला त्यांनी चौकोनांचा एक छापील कागद दिला. दाजींनी तो भिंतीला लावला खरा, पण कागद दमट हवेत वाकतो म्हणून त्यावर त्यांचा भरवसा नाही. सकाळी पूजा झाली की ते कॉम्प्युटर लावतात आणि पडद्यावर स्वतः चौकोन काढून एकेक डोळा झाकून बघतात. माझ्या चार ओळी त्यांनी सुधारल्यात, हेही मला फोनवर सांगितलं. मी म्हटलं, चांगलं केलंत.

मेळावा त्याच सुमाराला झाला. यार्डाचा कार्यक्रम त्यांनी लावला. कॅसेट पहिल्या वेळी चढली नाही, दुसऱ्या वेळी चढली. ताई म्हणते, म्हातारे शाळकरी पोरांसारखे बटणांवर तुटून पडले, आणि एकाने पहिल्याच फेरीत दोन डबे एकमेकांवर आपटवले. दाजी मागे उभे राहून त्याला सांगत होते की खऱ्या यार्डातही तो हेच करायचा.

मागच्या इंजेक्शनच्या वेळी मी दोघांना नाशिकरोड स्टेशनवर सोडायला गेले होते. दाजींच्या उजव्या डोळ्यावर पट्टी होती. द्वारकेच्या चौकात वाहनं अडकलेली, म्हणून रिक्षावाल्याने रिक्षा वडाळा गावाकडून घातली. दाजी एका डोळ्याने सारखे बाहेर बघत होते.

"हा लांबून नेतोय," ते माझ्या कानाशी म्हणाले.

"द्वारकेला जाम आहे, दाजी."

"तू बघितलंस?"

"नाही. तो म्हणाला."

"मग?"

पण त्यांनी पुढे वाद घातला नाही. स्टेशनवर पोचलो तेव्हा गाडी लागायची होती. फलाटावरचा दिव्यांचा बोर्ड त्यांच्या पट्टीच्या बाजूला होता. त्यांनी मान वळवायचा प्रयत्न केला, मग सोडून दिला.

"आपला डबा कुठे येतोय ते वाच," ते मला म्हणाले.

मी वाचलं आणि सांगितलं. गाडी आली, मी सांगितलेल्या जागी डबा थांबला आणि दाजी दांडा धरून चढले. त्यांनी कोणालाही पुन्हा विचारलं नाही. त्यांच्या मागून पिशवी घेऊन चढताना ताईने मात्र वळून फलाटावरच्या हमालाला विचारलंच, "दादा, ही मनमाडला थांबते ना?"